कापसाच्या खोलीतला डबा

तो डबा घरात आला त्या दिवशी मी त्याला चारही बाजूंनी पाहिलं, पण त्याचं तोंड काही सापडेना. टीव्हीला काच असते, रेडिओला जाळी असते, फ्रिजला दार असतं. याला समोर एक बटण, मागे वायरींचा गुंता, बाकी नुसता काळा पत्रा.

आणला होता माझ्या नव्या सुनेनं. पोरगी पुण्याची, कॉम्प्युटर शिकलेली. एक नोकरी सोडून आली होती, दुसरी मिळेपर्यंत आमच्याकडे राहणार होती. पोरगा तिकडे पुण्यातच. बुलढाण्याला एक इंटरनेटचं दुकान बंद होत होतं, तिथून तिनं जुना कॉम्प्युटर उचलला, त्यात नवी डिस्क बसवली, आणि त्याला सर्व्हर म्हणायला लागली.

"काय दाखवते हा?" मी विचारलं.

"हा स्वतः काहीच दाखवत नाही, आई. हा फक्त साठवतो. घरातले सगळे फोटो, गाणी, लग्नाचा व्हिडिओ याच्यात राहणार. दाखवायचं काम टीव्ही करेल, नाहीतर तुमचा मोबाईल."

"म्हंजे कणगी."

"हो, कणगीच म्हणा."

इथेच पोरगी फसली. तिनं 'हो' म्हणायला नको होतं. कारण तेव्हाची मी म्हणजे काय बाई होती महाराजा! गावातली मॅट्रिक झालेली पहिली सून, बचत गटाची अध्यक्ष, आणि आपल्याला सगळं समजतं याची पक्की खात्री. आज ती बाई मला रस्त्यात भेटली तर मी पदर तोंडाला लावून हसत दुसऱ्या गल्लीनं निघून जाईन.

डबा कशासाठी, ते सांगते. माझ्या सासूबाईंसाठी. भुलाबाईची गाणी म्हणावीत तर त्यांनीच. भादवी पुनवेपासून कोजागिरीपर्यंत पोरी आमच्याच ओट्यावर जमायच्या. त्यातल्या कोणी चाल सोडली की सासूबाई टिपरी आपटून गाणं थांबवायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावायच्या. मलाही पंचवीस पोरींसमोर थांबवलेलं आहे, नवी नवरी असताना. मग एका हिवाळ्यात त्यांना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला, वाचा गेली. सगळं समजायचं, पण तोंडातून नुसतं 'अं अं'. आदल्या कोजागिरीला माझ्या पोरानं त्यांचं एक गाणं जुन्या मोबाईलवर धरून ठेवलं होतं. तेवढाच त्यांचा आवाज जगात उरला होता, आणि तो मोबाईलही फुगून त्याचं झाकण उघडं पडलं होतं. तो मरायच्या आत गाणं डब्यात न्यायचं आणि सासूबाईंच्या खाटेसमोर टीव्हीवर लावायचं, असं सुनेनं ठरवलं होतं.

"अन् त्याच्यासाठी नेट लागन?" आमचे हे म्हणाले.

"नाही, बाबा. नेट नसलं तरी चालेल."

"मंग गानं येईन कुठून?" मी.

"डब्यातून."

"डब्यातून टीव्हीत कसं जाईन?"

"हवेतून."

"हवेतून जाते तर शेजारणीच्या घरात नाही का जानार?"

"पासवर्ड लावलाय ना."

"हवेले?"

ती म्हणाली, "हो, एका अर्थी हवेलाच." मी यांच्याकडे पाहिलं, यांनी माझ्याकडे. शिकलेल्या माणसाला असं समोरासमोर खोटं म्हणता येत नाही.

त्या वर्षी गुलाबी अळीनं बोंडं आतून पोखरली होती. जो कापूस हाती आला त्यातही पिवळा, चिकटलेला भाग बराच. भाव चढेल म्हणून सगळ्यांनी घरातच भरून ठेवला होता. आमच्या मधल्या खोलीत तर छतापर्यंत. खाट, टीव्ही आणि सासूबाई पुढच्या खोलीत. डब्याला जागा मिळाली ती मधल्या खोलीत, कापसाच्या ढिगाला टेकून. ठेवलेल्या कापसानं सगळ्यांच्या अंगाला खाज सुटली होती. सून मान खाजवत वायरी जोडत होती, हे पाठ खाजवत भावाची वाट पाहत होते.

गाणं डब्यात गेलं. मग ती म्हणाली, "आता याची एक कॉपी करून ठेवते. डिस्क बिघडली तर?"

आणि माझ्यातली अध्यक्ष उठली.

"कॉपी नाही करायची."

"का, आई?"

"काऊन म्हंजे? तुले शेतीचं काही माहीत नाही म्हनून इचारून राह्यली." मग मी तिला समजावलं. पूर्वी आम्ही घरची सरकी राखून पुढच्या साली पेरायचो. बीटी कपाशी आली तेव्हापासून दरसाल नवं पाकीट. कारण पाकिटाच्या पऱ्हाटीची, म्हणजे त्या कपाशीची, सरकी पुन्हा लावली तर उगवते, पण एक झाड कमरेपर्यंत, एक गुडघ्यापर्यंत, अन् बोंडाचा पत्ता नाही. शेजारच्यानं करून पाहिलं, साऱ्या गावानं पाहिलं. कॅसेटचंही तेच होतं. कॅसेटवरून कॅसेट भरली की दुसरीत बाईचा आवाज बाप्यासारखा यायचा. म्हणून जे मूळ आहे ते एकच राहू द्यायचं.

"अहो आई, फाइल म्हणजे पऱ्हाटी नाही. कॉपी अगदी तशीच्या तशी असते. हजारदा करा."

"तशीच असते तर मूळ कोनतं अन् कॉपी कोनती?"

"दोन्ही सारखंच."

"मंग एकच पुरे."

ती वायरी आवरायला लागली, आणि मला वाटलं मी जिंकले. आज माझी सात वर्षांची नात मला पेन ड्राइव्ह कसा लावायचा ते शिकवते, तेव्हा कळतं की तिच्याकडे उत्तर होतं. सासूसमोर ते द्यायला जीभ धजत नव्हती.

वर मी आणखी एक फर्मान काढलं. सून गाणं लागतं का ते आधी ऐकून पाहणार होती. मी म्हटलं, उगाच वाजवून पाहू नको, कणगीतून काढलं तेवढं कमी होतं. थेट सासूबाईंनाच ऐकवू. ती बिचारी "बरं" म्हणाली. तिच्या चेहऱ्याकडे तेव्हा नीट पाहायला हवं होतं.

ठरल्या दिवशी दुपारी सासूबाईंना उशीला टेकवून बसवलं. वेणी घातली, धुतलेलं लुगडं नेसवलं. टीव्ही सुरू झाला. डबा सुरू होईना. सून आत धावली. डब्याला हात लावला तर तवा. बटण दाबलं, काही नाही. तिनं पत्रा खोलला, आणि आत पाहते तर कापूस! पंख्याच्या पात्यांभोवती कापसाचे तंतू इतके गच्च वळले होते की समईची वात वाटावी.

हे म्हणाले, "घे, ह्याची उशी भरून टाक."

मला हसू आलं नाही. मोबाईल तोवर मेलेला, डबा मेलेला, कॉपी मीच होऊ दिली नव्हती. आणि बाहेर म्हातारी वेणी घालून बसली होती.

"आता?" मी म्हटलं.

सून खाली पाहत म्हणाली, "आई, रागावणार नसाल तर सांगते."

"काय?"

"मी कॉपी केली होती. तुम्ही नको म्हणालात त्याच दिवशी. माझ्या पेन ड्राइव्हवर आहे."

मला राग आला, आनंद झाला, आणि कोणता आधी ते अजून ठरलेलं नाही. तोंडातून मात्र निघालं, "पाह्य बरं! न इचारता! लाव लवकर."

टीव्हीच्या मागे तिनं ते बोटाएवढं काहीतरी खुपसलं. आधी खरखर, पोरींची कुजबुज, आणि मग सासूबाईंचा आवाज. तोच. घरातल्या भांड्यांनासुद्धा ओळखू यावा असा. यांनी टोपी काढून हातात घेतली.

सासूबाईंनी डोळे बारीक केले. ऐकलं. मग डाव्या हातानं मला जवळ बोलावलं, टीव्हीकडे बोट केलं, आणि हात हवेत उलटा केला. ही कोण?

"आत्याबाई, तुमीच!"

त्यांनी मान हलवली. नाही. ओठ वाकडा होता, तो आणखी वाकडा करून दाखवला. म्हणजे, काही जमत नाही हिला.

मी सुनेकडे वळले. "पाह्यलं? दुसऱ्या पिढीचं बी! म्हातारीले स्वतःचा आवाज ओयखू येऊन नाही राह्यला!"

पोरीचा चेहरा एवढासा झाला. पण हरली नाही. तिनं डबा अंगणात नेला, ब्रशानं आणि सायकलच्या पंपानं आतला सगळा कापूस काढला, तो निवू दिला, आणि कापसापासून लांब, देवघराच्या कोपऱ्यात मांडला. मला बजावलं, हळदकुंकू वाहायचं नाही. मी समोरून वाहिलं नाही. दोन दिवसांनी डबा घुरघुरत सुरू झाला, आणि मूळ गाणं, ज्याला मी हात लावू दिला नव्हता ते, टीव्हीवर लागलं.

सासूबाईंनी ऐकलं. हात उलटा केला. ही कोण?

मी कान लावून ऐकत होते. कॉपीत आणि यात काय फरक आहे ते शोधत होते. फरक नव्हता. मग बिघडलं काय होतं? मूळच बिघडलं? की म्हातारीचा कान? की आपला आवाज आपल्याला असाच परका लागतो? सुनेनं माझाही आवाज भरून मला ऐकवला. कोणीतरी घसा बसलेली बाई दूधवाल्याशी भांडत होती. मी म्हटलं, ही मी नाही. हे म्हणाले, "हाव, तूच हायेस."

तिसऱ्या वेळी सासूबाईंनी पुन्हा विचारलं, तेव्हा माझ्या डोक्यात काय आलं कोण जाणे. मी म्हटलं, "धाड गावची हाय एक बाई. लय नाव हाय म्हंते तिचं."

सुनेनं माझ्याकडे डोळे मोठे करून पाहिलं. मी तिला चिमटा काढला.

सासूबाई ताठ झाल्या. पहिली ओळ संपली, दुसरी लागली, आणि एका जागी त्या बाईनं श्वास घेतला तशी सासूबाईंनी डावा हात खाटेच्या पट्टीवर आपटला.

"हट्!"

कित्येक महिन्यांत त्या घरात ऐकू आलेला हा त्यांचा पहिला शब्द. सुनेनं गाणं थांबवलं. सासूबाईंनी बोट फिरवलं. पुन्हा, पहिल्यापासून.

मग रोज दुपारी तेच. जेवण झालं की टीव्हीकडे बोट, म्हणजे धाडवाली लावा. ती म्हणायची, या हात आपटून चूक धरायच्या, मग सून तिला मागे न्यायची. फोनवर हे सगळं ऐकून पोरानं पुण्याहून विचारलं, आजीला खरं काय ते कधी सांगणार? सुनेनं फोन माझ्या हातात दिला. मी म्हटलं, "थांब बे, अजून तिची दुसरी ओळ बसली नाही."