कासवाच्या पेटीला जवसाचं तेल

आई गेल्यावर बाबा आमच्याकडे राहायला आले, ते कपड्यांची बॅग आणि आईचं कासव घेऊन. परदेशी जातीचं, रीतसर नोंद केलेलं. दिवसभर घरात बाबा बोलायचे ते त्याच्याशीच. माझ्याशी बोलायचे ते चहात साखर कमी पडली की.

उन्हाळ्यात हॉलमधला कूलर सुरू झाला आणि त्याच्या ओलीनं कासवाची लाकडी पेटी खालून फुगायला लागली. लाकडाला काहीतरी लावणं भाग होतं. मी म्हटलं, जनावरांच्या डॉक्टरांना विचारते, दोन दिवस थांबा. थांबतील ते बाबा कसले!

मी ऑफिसातून आले तर दारातच उग्र वास. पेटी चकाचक, कासव आत आणि बाबा शेजारी खुशीत बसलेले. म्हणाले, "जवसाचं तेल लावलं. महालातल्या बाजारातून आणलं. आपण जन्मभर खात आलो, त्याले काय होते?"

आमच्याकडच्या जवसाच्या तेलाला असा वास कधीच नव्हता. मी डबा उचलला. रंगाच्या दुकानातला. त्यावर ‘डबल बॉइल्ड’ लिहिलेलं आणि खाली बारीक अक्षरांत, लवकर सुकावं म्हणून रसायनं मिसळली आहेत, पोटात जाऊ देऊ नका.

"बाबा, हे खायचं तेल नाहीये."

"काहून? दोनदा उकळलेलं आहे वं. दूध नाही का आपण दोनदा तापवत, नासू नये म्हणून?"

माझं डोकंच फिरलं. शिकलेसवरलेले, आयुष्यभर नोकरी केलेले माझे बाबा, आणि दुकानात जाऊन दुधाचा नियम लावून आले! मी बरंच काही बोलले. ते ऐकून घेत होते, मग एकदम म्हणाले, "कासव तोंड बाहेर काढून नाही राहिलं. दुपारी पेटीची कड चावत होतं."

कासवाला टबात घातलं, बाबांना स्कूटरवर मागे बसवलं आणि दवाखान्याकडे निघालो. सीताबर्डीत सिग्नलला अडकलो. मागे बाबा टबात वाकून आई ज्या सुरात हाका मारायची त्याच सुरात त्याला हाका मारत होते. आजूबाजूचे लोक बघत होते, बघू देत. सिग्नल काही सुटेना.

डॉक्टरांनी कासवाचं तोंड, पाय कोमट पाण्यानं धुतले, तपासलं आणि म्हणाले, आता वाट पाहायची. खाल्लं तर बरं. पेटीला पुढे काय लावायचं तेही त्यांनी सांगितलं. बाबा भिंतीकडे बघत उभे होते.

सकाळी मी उठले तेव्हा बाबा आधीच टबाजवळ होते. हात साबणानं धुऊन धुऊन लाल झालेले. जास्वंदीचं फूल त्यांनी माझ्यापुढे धरलं.

"तू दे. माह्या हाताले अजून वास येते."

मी फूल पुढे केलं. कितीतरी वेळ काही नाही. मग मान बाहेर आली, आणि त्यानं एक पाकळी तोडली. मी वळून म्हटलं, "खाल्लं बाबा." त्यांनी मान वर केली नाही.

"आता याले तूच पाहत जाय," ते म्हणाले. "माह्या भरोशावर नको ठेवू."

मला त्या क्षणी कासवापेक्षा बाबांचीच जास्त काळजी वाटली. हे कासवही हातातून सोडलं, तर हा माणूस सकाळी उठणार कशासाठी? मी मुद्दाम आवाज चढवला. "मला नाही जमणार. घर, ऑफिस, आणि वर हे? तुमचं तुम्ही पाहा."

बाबांनी फूल माझ्या हातातून घेतलं.

"डॉक्टर काय लावा म्हणत होता? काल मले काही ऐकूच आलं नाही."

"नवीन पेटी करा, तिला तेलाऐवजी पाण्यातलं सीलर, म्हणजे ओल अडवणारा थर लावा आणि वास पूर्ण जाईपर्यंत उन्हात ठेवा. मगच कासव आत."

"पेटी मी करतो. पण वास गेला का नाही, ते मी नाही सांगणार," बाबा म्हणाले. "तू येऊन पाहशील."