लिहिलं का झिजते!

रिपेअरवाले एकत्र बसले की किस्से साचतातच. आमच्या कुडवा गावातल्या दुकानात तर ते धुळीपेक्षा जास्त साचले. दुकान मदनभाऊंचं, मी भागीदार. तळहाताएवढे लिनक्सचे कॉम्प्युटर आम्ही राइस मिलला, ढाब्याला बसवून द्यायचो. त्यात हार्ड डिस्कच्या जागी मेमरी कार्ड असतं आणि सारखं लिहून लिहून ते झिजतं, मरतं. भाऊंना जाऊन वर्ष झालं. फार आठवण येते त्यांची. त्यांच्या एका कार्डासाठी मी अजून धावतो, कारण त्यात त्यांचा आवाज आहे.

*

पहिलं मशीन राइस मिलमध्ये लावलं. धान भिजवायच्या टाकीचं तापमान ते दर सेकंदाला कार्डावर लिहायचं. थोड्याच दिवसांत कार्ड खलास! शेठ तणतणत आले. भाऊ शांतपणे म्हणाले, "शेठ, तुम्ही दर सेकंदाले सही केली असती, त तुमचा हात राहिला असता का?"

*

मग भाऊंनी दुसरं टोक गाठलं. सगळी नोंद रॅममध्येच, म्हणजे वीज असेपर्यंतच टिकणाऱ्या मेमरीत, कार्डाला हातच लावायचा नाही! एक दिवस मिलची लाइन गेली, वीजच बंद, आणि आठवड्याची नोंद साफ उडाली. शेठ म्हणाले, "वाह मदन! तिजोरी नयी की नयी, माल गायब!" तेव्हापासून तासातून एकदा कार्डावर उतरवायचं ठरलं.

*

रॅम कमी पडली की लिनक्स कार्डावर पसरतं, त्याला स्वॅप म्हणतात. भाऊ आधी ते बंद करायचे. एका गिऱ्हाइकानं विचारलं, "काऊन बंद करून राहिले?"

"ओसरी देली का पाय पसरते तो!"

*

भाऊंच्या घरीही तेच. दुर्गावहिनी किराण्याची यादी करायला बसल्या, तर म्हणाले, "लिहू नोको. लिहिलं का झिजते. माह्या ध्यानात आहे सारं!" आणि मीठच विसरून आले. वहिनी म्हणाल्या, "काऊन, डोक्याची लाइन गेली होती का?"

*

सडक अर्जुनीच्या एका ढाब्यावर आमचं मशीन अजून चालू आहे. चहा झाला की ढाबेवाला बटण दाबतो आणि स्पीकरवर मदनभाऊ ओरडतात, "या जी, चहा झाला!" भाऊ गेल्यावर मी ते कार्ड फक्त वाचण्यापुरतं ठेवलं. आता मशीन त्यावर एक अक्षर लिहू शकत नाही. वहिनींना मोबाइलवर त्या आवाजाची कॉपीही दिली होती, पण त्या ती ऐकत नाहीत. म्हणतात, "मोबाइलात ते गेल्यासारखे वाटतेत. तिथं ड्युटीवर आहेत."

परवा त्यांना ढाब्यावर घेऊन गेलो. भाऊंची हाक आली, चहाही आला. वहिनी कपाकडे बघत बसल्या. मग हळूच विचारलं, "दिवसभर वाजून वाजून हा आवाज झिजत त नाई ना जी?"

"नाही वहिनी. लिहिल्यानं झिजतं, ऐकल्यानं नाही."

वहिनींनी पदरानं डोळे पुसले, भरलेला कप तसाच बाजूला सारला आणि ढाबेवाल्याला हाक मारली, "दादा, अजून एक चहा करा!"