दिवाकरच्या चित्रातले डोळे

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी यवतमाळला एका शाळेत चित्रकला शिकवतो. 'जे दिसतं तेच काढा' हे मुलांना सांगण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. या पानावरचे गूढ अनुभव वाचताना बहुतेक वेळा मी मनातल्या मनात हसलो आहे. आज मात्र स्वतःच लिहायला बसलोय... आधीच सांगतो, यात घाबरण्यासारखं काही नाही. लाज वाटण्यासारखं आहे.

रविवारी स्केचिंग करणाऱ्यांचा आमचा छोटासा ग्रुप आहे. कधी बसस्टँड, कधी बाग, कधी कुणाचं गाव. समोर माणूस बसवायचा आणि त्याच्याकडे बघून पोर्ट्रेट करायचं, फोटोवरून नाही. आमची एक पद्धत आहे. काम झालं की सगळ्यांचे कागद जमिनीवर ओळीने मांडायचे, नावं मागच्या बाजूला. मग बसलेल्या माणसाने ओळीवरून फिरायचं आणि 'हा मी' म्हणून एक कागद उचलायचा. तो त्याचा. आणि एक नियम – दुसऱ्याच्या कागदावर रेघ मारायची नाही. हा नियम खरं तर माझ्यामुळेच करावा लागला. मास्तर माणूस, दुसऱ्याचं चित्र दिसलं की दुरुस्त करायला हात शिवशिवतो.

उचलला जायचा तो कागद बहुतेक वेळा दिवाकरचा असायचा.

दिवाकर मूळचा मारेगावचा, इथे सरकारी ऑफिसात आहे, माझ्याच वयाचा. सकाळी व्हॉलीबॉल, संध्याकाळी वस्तीतल्या भीमगीतांच्या मंडळात हार्मोनियम, गच्चीवर गुलाब, घरात उघडून ठेवलेले जुने रेडिओ. यातून उरलासुरला वेळ चित्राला. आठवडाभर पेन्सिलीला हात न लावलेला हा माणूस रविवारी यायचा, चहा पीत गप्पा मारायचा आणि बोलता बोलता समोरच्याला कागदावर आणून बसवायचा.

आणि मी? मी बासरी वाजवायचो. बरी वाजवायचो. चित्राला वेळ पुरत नाही म्हणून सोडली. मित्रांबरोबरचा कॅरम सोडला, सहली सोडल्या. एकच गोष्ट धरून बसलो – आणि तीच हाताला लागेना. माझ्या चित्रात चूक नसते. नाक नाकाच्या जागी असतं. फक्त त्यात माणूस नसतो.

"सर, तुमी पेन्सिल लय घट्ट धरता," दिवाकर एकदा म्हणाला होता. "बासरी सुरू करा बरं परत. हात मोकळा होते."

मी हसलो. घरी जाऊन बायकोशी विनाकारण भांडलो.

गेल्या हिवाळ्यात आम्ही ढाणकीला गेलो. ग्रुपमधल्या रमेशचं तिथे कापडाचं दुकान आहे. दुकानामागच्या अंगणात, कडुनिंबाखाली, त्याने शेजारच्या कौसल्याबाईंना बसवलं. म्हाताऱ्या, एकट्या राहणाऱ्या. चष्मा काढून त्यांनी पदरात धरला.

"चांगली काढजा बापा. मेल्यावर हाच फोटो लावा लागते."

"लावन कोण मावशी?" रमेश म्हणाला.

"तूच लावजो. तुह्याच दुकानातून लुगडे नेता नेता म्हातारी झाली मी."

दिवाकर डोळे नेहमी शेवटी काढायचा. बाकी चेहरा झाला आणि त्याला फोन आला. उमरखेडला त्याच्या ओळखीच्या टीमची मॅच होती आणि त्यांचा एक खेळाडू पाय मुरगळून बसला होता. दिवाकरने कागद माझ्याकडे दिला.

"सर, डोळे राह्यले. तसाच लावा ओळीत."

"मले आंधळी करून चालला का रे?" कौसल्याबाई म्हणाल्या.

"आलो ना माय संध्याकाळी. मंग दोन काय, चार डोळे काढून देतो," असं म्हणत तो रमेशची गाडी घेऊन गेलासुद्धा.

कौसल्याबाई तोंड धुवायला घरी गेल्या, बाकीचे चहाला आत गेले. अंगणात मी आणि ते कागद. दिवाकरच्या चित्रात डोळ्यांच्या जागी पांढरा कागद होता... आणि तरी ती कौसल्याबाईच होती. हनुवटीवरून, ओठ दाबण्यावरून कुणीही ओळखलं असतं. माझ्या चित्रात डोळे, चष्म्याचे वण, सगळं होतं आणि ती कुणीही बाई होती. मला कळून चुकलं – ही बाई बिनडोळ्यांचं चित्र उचलेल, माझं नाही.

मी पेन्सिल घेतली आणि दिवाकरच्या कागदावर डोळे काढले.

सुधारायला नाही. बिघडवायला. शाळेत मुलांना पहिल्यांदा शिकवतो तसे – मोठे, बदामासारखे, लांब पापण्यांचे. कौसल्याबाईंचे डोळे बारीक, खोल गेलेले. त्या सुरकुत्यांत असले कोवळे डोळे म्हणजे चित्राचा सत्यानाश, हे मला पक्कं ठाऊक होतं. डाव्या पापणीवर इतकं दाबलं की टोक मोडलं आणि पापणीवर आडवी रेघ उमटली. ती मी पुसली नाही. उलट बरंच वाटलं.

कौसल्याबाई आल्या. चष्मा लावून ओळीवरून निघाल्या. माझा कागद त्यांनी न थांबता मागे टाकला. दिवाकरच्या कागदापाशी थांबल्या आणि तिथेच मातीत बसल्या.

"हे कोनं काढलं?"

"दिवाकरनं, मावशी," रमेश म्हणाला. "काहून? नाही जमलं का?"

"हे माह्या सुमीचे डोळे हायेत."

रमेश वाकला. त्याचा चेहरा उतरलेला मी पाहिला. सुमन ही कौसल्याबाईंची मुलगी. रमेशच्या वर्गात होती, शाळेत असतानाच तापाने गेली. तिचा एकही फोटो घरात नव्हता. तेव्हा त्यांच्या घरी फोटो निघायचा तो लग्नातच.

"सर, हे पाहा," रमेश कागदाला न शिवता म्हणाला. "बोरं तोडताना काटा लागलता तिले पापणीले. मी होतो ना संगं. हेच जागा."

कौसल्याबाईंनी चित्रातल्या गालांवर, तोंडावर स्वतःचे तळवे ठेवले. फक्त डोळे उघडे ठेवले. आणि बघत बसल्या.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. पण 'मी काढले' म्हटलं की 'का काढले' हेही सांगावं लागलं असतं.

कुणीतरी दिवाकरला फोन लावला. स्पीकरवर त्याचा आवाज आला, "म्या कुठं डोळे काढले बे? सरले इचारा, मी तसाच देऊन आलो." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मान हलवली. हो, तसाच दिला होता – एवढंच म्हणालो. संध्याकाळपर्यंत शेजारपाजारी बातमी पसरली की दिवाकरभाऊच्या चित्राला आपोआप डोळे आले. आणि खरं सांगतो, तेव्हा मला भीती वाटली नाही. हेही दिवाकरच्याच नावावर गेलं, म्हणून जळफळाट झाला.

काही आठवड्यांनी कौसल्याबाईंचा निरोप आला. दिवाकरने येऊन सुमीचा पूर्ण चेहरा काढून द्यावा. दिवाकर माझ्याकडे आला.

"चाला ना सर संगं. मले भेव लागून राह्यलं."

ते चित्र कौसल्याबाईंनी घरात बसल्या जागेवरून दिसेल असं लावलं होतं. दिवाकर खाली सतरंजीवर बसला, पेन्सिल घेतली. दोनदा टोक कागदाला लावून परत उचललं. शेवटी त्याने हात जोडले.

"माय, मले दिसते थेच मी काढतो. सुमी मले दिसत नाही."

"मंग थे डोळे कुठून आले, बापा?"

ती बाई त्याच्याकडे अशी बघत होती की मला राहवलं नाही.

"मी काढले," मी म्हणालो. "दिवाकरचं चित्र बिघडावं म्हणून."

दिवाकरने माझ्याकडे बघितलं नाही. कौसल्याबाईंनी त्याच्यापुढचा कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "काढा मंग."

मी काढले. तेच बदामी डोळे, त्याच पापण्या, पापणीवर तीच रेघ. पुन्हा काढले. हलक्या हाताने काढले, दाबून काढले. ते फळ्यावरचे डोळे होते, कुणाचेच नव्हते. कौसल्याबाईंनी कागद चष्म्याजवळ नेला आणि परत दिला.

"नाही भाऊ. तुमी नाही काढले," त्या हळूच म्हणाल्या. "दोस्ताले सोडवाले असं बोलून राह्यले तुमी. मन मोठं हाये तुमचं."

आयुष्यात कुणी मला एवढं लागेल असं बोललं नव्हतं.

परतीच्या एसटीत उमरखेड मागे पडलं. मग दिवाकर म्हणाला, "तुमीच काढले. मले वाटलंच होतं. दाबून मारेल रेघ होती. पर मले वाटे सुधरवाले काढले असतीन."

"नाही. बिघडवायला."

तो शिव्या देईल म्हणून मी वाट बघत होतो.

"सर, एवढे चेहरे काढले म्या. समोर होतं तेवढंच आलं. समोर नसलेलं एक डाव बी नाही आलं. तुमच्या हातानं आलं... आन् थेही बिघडवता बिघडवता."

तो सूर मी ओळखला. कित्येक वर्षं तो माझ्याच पोटात होता. मला माफी मागायला हवी होती. पण दिवाकरला माझा हेवा वाटतोय हे कळलं, आणि यवतमाळ येईपर्यंत मला बरं वाटत राहिलं. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

त्यानंतर दिवाकर रविवारी आला नाही. व्हॉलीबॉल चालू आहे, हार्मोनियम चालू आहे. पेन्सिल नाही. मी त्याच्या घरी गेलो की तो चहा करतो, माझ्या बायकोसाठी गुलाब कापून देतो, "पाहू सर, पुढच्या वेळी" म्हणतो. ओळीत त्याचा कागद नसल्यामुळे आता लोक कधी कधी माझाही उचलतात.

सुमीला मी कधी पाहिलं नव्हतं. तिच्याबद्दल ऐकलंही नव्हतं. आईचे डोळे बघून मुलीचे सुचले म्हणावं, तर रमेश सांगतो, सुमी पूर्ण बापावर गेली होती. योगायोग म्हणावा तर ती पापणी... मला उत्तर सापडलेलं नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा. पण ते डोळे माझ्या हाताची करामत नव्हती, हे दिवाकरला पटेल असं काही सुचलं, तर आधी ते कळवा.