फ्रिजवरच्या दोन चिठ्ठ्या

पीव्हीसी पाइपाचा भाव पाडायला मला पाठवा, दुकानदाराला रडवून परत येईन. शारजातल्या आमच्या बांधकाम-सामानाच्या कंपनीत खरेदी माझ्याकडे होती आणि त्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. बंदुकीतलं मात्र मला ओ की ठो कळत नव्हतं. पण अरबाब, म्हणजे आमचे तिथले मालक, ऐकूनच घेईनात. त्यांना नव्या घरातल्या मजलिसमध्ये, पाहुण्यांच्या बैठकीत, जुनी तोड्याची बंदूक टांगायची होती. लहानपणी वडिलांकडे होती तशी. खोर फक्कानच्या एका दुकानात तशा दोन मिळत होत्या. त्यातली कुठली घ्यायची ते मी ठरवायचं! चहा पिताना कधीतरी मी त्यांच्यापुढे आमच्या गडकिल्ल्यांच्या बढाया मारल्या होत्या, त्या अशा अंगाशी आल्या.

दोन्ही बंदुका दिसायला जुळ्या. नळ्या शिशाने बुजवलेल्या, कामाच्या फक्त भिंतीवर. एक पंधराशे दिरहमची, दुसरी चार हजारांची. अडीच हजार जास्त, म्हणजे पंचवीस हजार रुपये, आणि ते कशाचे? दुकानदार म्हणाला, महागडीच्या पितळी पट्ट्या मूळच्या आहेत, वयाने काळवंडल्यात. असा नग आता मिळत नाही. दुसरीच्या पट्ट्या नव्या ठोकून मुद्दाम काळ्या केल्यात. मी दोन्हींवर नाक टेकवून पाहिलं. काळं ते काळं. शेवटी अरबाबांच्या शब्दावर त्याने दोन्ही माझ्या ताब्यात दिल्या, किमतीच्या चिठ्ठ्या चिकटवल्या आणि शनिवारी पैसे घ्यायला येतो म्हणाला. चादरीत गुंडाळून डिकीतून घरी आणेपर्यंत माझा शर्ट घामाने भिजला होता.

शुक्रवारी दसरा होता. सुट्टी म्हणून मी उशिरा उठलो. बाहेर येऊन बघतो तर पाटावर दोन्ही बंदुका, हळदकुंकू वाहिलेल्या, वर झेंडूची फुलं. आणि पट्ट्या? लख्ख पिवळ्या!

"अगं, हे काय करून ठेवलंस?"

"अहो, दसरा आहे. घरात खरी शस्त्रं आलीत आणि मी पूजा स्क्रूड्रायव्हरची करू? देवाच्या भांड्यांबरोबर यांनाही चिंच लावली."

"आणि चिठ्ठ्या?"

"भिजल्या असत्या. काढून फ्रिजवर ठेवल्यात."

फ्रिजवर दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी होत्या. पंधराशे. चार हजार. मी डोक्याला हात लावला. "यातली चार हजारांची कुठली?"

"मला काय माहीत? आणि तुम्हालाही ओळखू येत नसेल, तर ती महाग कशाला म्हणायची?"

मी चिडलो. मुलीने इंग्रजीत वर मीठ चोळलं. "बाबा, दे आर द सेम. जस्ट टॉस."

दिवसभर मी त्या दोघींना उलटंसुलटं करत बसलो. दुकानदाराला फोन करावा, तर तो दाखवील तीच महाग ठरणार. अरबाबांना खरं सांगावं, तर जीभ रेटेना. अकरा वर्षं त्या माणसाने माझ्या सहीवर डोळे मिटून पैसे दिले होते. तो विश्वास एका चिंचेच्या गोळ्यापायी घालवायचा? मला खरोखर भीती वाटली.

शनिवारी मजलिसमध्ये आम्ही तिघेच होतो. अरबाबांनी विचारलं, "बोलो हबीबी, ज्यादा पैसा देना कि नहीं?"

मी डावीकडच्या बंदुकीवर बोट ठेवलं. "देना अरबाब. ये असली है."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं, मग छताकडे. गालात हसला. अरबाबांनी एकेक बंदूक उचलून खांद्याला लावली, खाली ठेवली. म्हणाले, "खलास. दोनों रखो." आणि दोन्हींचे पैसे मोजून दिले.

माझा गोंधळ आणखी वाढला. दोन्ही घ्यायच्या होत्या, तर मला निवडायला का लावलं? पुढे मी निवडलेली मजलिसमध्ये टांगली गेली. येणाऱ्याजाणाऱ्याला अरबाब ती दाखवायचे आणि माझ्याकडे बोट करायचे. मी मान खाली घालायचो. एकदा ते आजारी असताना सह्या घ्यायला आतल्या खोलीत गेलो, तर दुसरी त्यांच्या उशाशी टांगलेली. मी नकली ठरवलेली बंदूक उशाशी कशाला, हे काही केल्या उलगडेना.

काही वर्षांनी, दोन हजार तीनमध्ये, नोकरी सोडून पुण्याला परतायचं ठरलं. निरोप घ्यायला गेलो तेव्हा ते ओझं उतरवूनच जायचं, असं मनाशी धरलं होतं.

"अरबाब, उस दिन मुझे कुछ मालूम नहीं था. मैंने ऐसे ही बोल दिया."

ते हसले नाहीत. "मुझे मालूम था. हाथ में लिया तो मालूम हुआ. असली अंदर है, मेरे पास."

"फिर उसी वक्त बोला क्यों नहीं?"

"वो दुकानवाला तुमको देखके हँस रहा था," अरबाब म्हणाले.