वन्संच्या हेडफोनला जुळणारं खोकं

आमच्या वन्सं भांडतानासुद्धा माझा आवाज तपासायच्या. मी चिडून बोलायला लागले की हात वर करायच्या. "वर गेलीस की आवाज फाटतो गो तुझा, वहिनी. खाली बोल, म्हणजे जास्त लागेल मला." मग भांडायचं काय?

माझ्या नवऱ्याची ही थोरली बहीण. लग्न केलं नाही. मुंबईत गाणी रेकॉर्ड करायच्या एका स्टुडिओत टेपा सांभाळण्यात सगळा जन्म गेला. स्टुडिओ बंद पडला तेव्हा तिथला एक जड काळा हेडफोन घेऊन त्या पोलादपूरच्या वर आमच्या वाडीत आल्या. नवरा माझा त्याआधीच वारला होता. पहिल्याच पावसाळ्यात वन्सं शेवाळलेल्या पायरीवर घसरल्या, खुबा मोडला. वाडीला गाडी येत नाही. डोलीतून खाली नेलं, डोलीतून वर आणलं. त्यानंतर त्या खाटेवर आणि मी खाटेशी.

घर दोन खोल्यांचं. मला टीव्ही हवा, त्यांना गाणं. माझी मालिका लागली की त्या डोक्यावरून पांघरूण ओढायच्या. पुढे जेवणही टाकू लागल्या. डोंबिवलीहून माझ्या मुलाने फोन केला, "आई, दिवाळीपर्यंत बघ. नाय जमलं तर आत्याला पनवेलच्या वृद्धाश्रमात ठेवू."

वन्संनी ऐकलं. "बारा बायका नि एक टीव्ही. महिनाभर नाय टिकायची मी तिथं," एवढंच म्हणाल्या. खरं सांगते, त्या जाव्यात असं मला वाटत होतं. मला माझं घर परत हवं होतं.

दोघींचं भागावं म्हणून हेडफोन काढला, पण मोबाईलला लावला की डास गुणगुणल्यासारखा आवाज यायचा. मी म्हटलं, बिघडलाय.

"बिघडला नाय. अर्ध्या घोड्याच्या पंपाने खालच्या विहिरीचं पाणी वाडीत चढतं का? मोबाईलला तेवढा जोर नाय. मधे ॲम्प्लिफायर हवा." त्यांच्याजवळ दोन हजार होते, तेवढ्यातच बसवायचं होतं.

मी महाडला गेले आणि पंपाचंच डोक्यात धरून दोन हजारात मिळेल तो सगळ्यात मोठा आणला, भजनी मंडळं नेतात तसला. बटण केसभर फिरवलं की कान फाटायचे, आणि गाणं नसताना तापल्या तव्यासारखा चरचरायचा.

"जोर बघितलास. गप किती बसतो ते नाय बघितलंस," वन्सं म्हणाल्या. मग आठवडाभर मला शिकवलं. आधी काहीच लावायचं नाही, नुसतं ऐकायचं. मग गाणं लावून बटण अर्ध्यावर आणायचं. अर्ध्यावर पोटभर आवाज आला तर जोडी जमली.

मोठा परत केला. हेडफोन तांदळाच्या पिशवीत घेऊन चार दुकानं फिरले. एक दुकानदार म्हणाला, "आजी, डीजे लावताय काय?"

"तुझ्या लग्नात लावते. आधी तुझा रेडिओ बंद कर."

शेवटी रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे तळहाताएवढं जुनं खोकं निघालं. अठराशेला. हेडफोन जोडून कानाला लावला. चरचर नाही. गाणं लावलं, बटण अर्ध्यावर आणलं. ओळ सुरू करायच्या आधी गाणाऱ्या बाईने श्वास घेतला, तो मला ऐकू आला. हेच गाणं घरात शंभरदा ऐकलं होतं, त्यात तो नव्हता.

मी तिथल्या स्टुलावर बसून राहिले. नाही जुळलं, असं सांगून परत जाता आलं असतं. दिवाळी पंधरा दिवसांवर होती.

"घेताय काय? नायतर आत ठेवतो," म्हातारा म्हणाला. घेतलं.

घरी वन्संनी ऐकताना डोळे मिटले. मग हेडफोन उतरवून म्हणाल्या, "मला वाटलं, तू रिकामी येशील."

"येणारच होते."

"मग?"

"बाईने दम घेतलेला ऐकू आला."

त्यांनी मान हलवली आणि भाकरी मागितली. आश्रमाचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही.

पुढची चार वर्षं त्या भिंतीकडे तोंड करून ऐकत पडायच्या, आणि मी भांडं द्यायची, कूस बदलायची, पाठीला तेल लावायची. महाडच्या पलीकडे मी गेले नाही. मुलाच्या नव्या घराची वास्तुशांतही हुकली. त्या गेल्या तेव्हा वाडीतल्या बायका म्हणाल्या, सुटलीस गो.

खोकं आणलंस ते बरं केलंस, असं वन्सं एकदाही म्हणाल्या नाहीत. आणलं ते चुकलं, असं मीही त्यांना कधी बोलले नाही. मनात म्हटलं. पावसाळ्यात त्यांच्या चादरी वाळायच्या नाहीत, तेव्हा तर रोज.