दोनदा आलेली बातमी

"ताई, दादा गेले," बुऱ्हाणपूरहून प्रकाशभाऊ फोनवर म्हणाले, आणि मी त्यांना विचारलं, "आता कुठे बसला कावळा?" मग ते रडू लागले. "या टाइमाले खरं आहे, ताई. आईशपथ खरं आहे." प्रकाशभाऊ म्हणजे मधुदादाच्या बायकोचे, आमच्या शैलावहिनींचे, धाकटे भाऊ, साधा सरळ माणूस. तरीही माझा विश्वास बसेना. जळगावच्या घराला कुलूप लावलं, गाडीत बसले, भुसावळ गेलं, रावेर गेलं, आणि सगळ्या वाटेत हातातला फोन मी पर्समध्ये ठेवला नाही. दुसरा फोन येईल, "रडलीस ना? बस झालं, आता उलट पावली घरी जा," असं कुणीतरी सांगेल, म्हणून मी जीव मुठीत धरून बसले होते. मागच्या खेपेला तो फोन आला होता. या खेपेला आला नाही. राजपुऱ्यातल्या गल्लीत मधुदादाच्या दारापुढे चपलांचा ढीग दिसला आणि मी फोन पर्समध्ये टाकला.

मधुदादा माझा मावसभाऊ. एका शाळेच्या ऑफिसात कारकुनी करून निवृत्त झालेला, आणि सांगायला हरकत नाही, आमच्या सबंध नात्यागोत्यातला सगळ्यात भित्रा माणूस. वीज कडाडली की हा चपला घालून पलंगावर बसणार. तापीत अंघोळीला उतरला तर गुडघ्याच्या वर पाणी चढू देणार नाही. गल्लीतल्या कुत्र्यांसाठी खिशात बिस्किटं बाळगायचा, भूतदयेपोटी नव्हे, लाच म्हणून. जत्रेतल्या पाळण्यात मला बसवलं आणि पाळणा सुरू व्हायच्या आत स्वतः उतरून गेला, ते मी त्याला जन्मभर ऐकवलं. पण आपण भितो हे त्याने कधी लपवलं नाही. "मी भेतो म्हणूनच टिकलो, सुमे," असं म्हणून खुशाल हसायचा. नवऱ्याच्या भित्रेपणाची वहिनींना मात्र सवय झालेली. दोघांच्या वाटची भीती हे एकटेच बाळगतात, मला कशाला लागते, असं त्या म्हणत.

अशा माणसाने युद्धाच्या सिनेमात काम करावं, हेच मुळात नवल. मुंबईहून एक कंपनी बुऱ्हाणपूरजवळ डोईफोडियाच्या बाजूला मुक्कामाला आली होती. कित्येक शतकांपूर्वी एका सुभेदाराच्या जुलमाविरुद्ध शेतकऱ्यांनी आणि विणकरांनी केलेल्या बंडाची गोष्ट, मोठा खर्चिक चित्रपट. घोडे, तंबू, तोफा, सगळा लवाजमा. लढायला माणसं हवी होती आणि मरायला त्याहून जास्त हवी होती. निवृत्तीनंतर दादाला घर खायला उठायचं, तो आपलं नाव देऊन आला. पहिल्याच दिवशी हातात तलवार देऊन त्याला बंडखोरांच्या रांगेत उभं केलं. समोरून घोडे आले मात्र, हा रांग मोडून जो पळाला तो थेट जेवणाच्या तंबूत. त्या संध्याकाळी मला फोन. "सुमे, मले प्रमोशन भेटलं. आता मी लाश आहे. दिवसभर पडून राहाचं, कोणी काही बोलत नाही." मी इतकी हसले की शेजारीण डोकावून गेली.

कापसाच्या पऱ्हाट्या उपटलेल्या काळ्या शेतात त्याला इतरांबरोबर पालथं-उताणं टाकलं. कपाळाला रक्त लावलं, म्हणजे साखरेच्या पाकात कालवलेला लाल रंग. आणि तिथे, भर उन्हात, एक कावळा येऊन त्याच्या डोक्यावर बसला. कपाळावरचा पाक टोचू लागला. हलायचं नाही अशी ताकीद होती, म्हणून दादा हलला नाही. चिमणी अंगावरून गेली तरी दचकणारा माणूस, तो हलला नाही! घरी येऊन मोठ्या ऐटीत त्याने हे वहिनींना सांगितलं. वहिनींच्या हातातला तांब्या खाली पडला.

कावळा जित्या माणसाच्या डोक्यावर बसणं म्हणजे मरणाचं बोलावणं, असं आमच्याकडे मानतात. त्याला उतारा एकच. तो माणूस मेल्याची बातमी जवळच्यांना कळवायची, त्यांनी खरोखर रडायचं, मग खरं काय ते सांगायचं. मरण एकदा रडून झालं की टळतं म्हणे. "पाकाले आला तो कावळा, मले पाहाले नाही," दादाने पुष्कळ समजावलं. पण वहिनी जेवेनात. त्यांचं तोंड पाहून दादाच्या चेहऱ्यावरचंही हसू हळूहळू गेलं आणि शेवटी तोच म्हणाला, "सुमनले सांगा. ते लवकर रडते." प्रकाशभाऊंनी फोन केला आणि मी रडले... इतकी रडले की रिक्षावाल्याने पैसे घेतले नाहीत. स्टेशनवर पोहोचले तोवर दुसरा फोन. खुद्द दादा. "किती रडली, सांग तरी?" संतापाने मी त्याला "मेल्या!" म्हणाले आणि लगेच जीभ चावली.

त्यानंतर मात्र भीती त्या घरात राहायलाच आली. दादा दाराबाहेर पाऊल टाकण्याआधी वर बघायचा, विजेच्या तारांवर काय बसलंय ते. गच्चीवर जाणं त्याने सोडलं. वहिनी तर सावलीसारख्या मागे. तो अंघोळीला गेला तरी या बाहेरून बोलत राहायच्या, तो हूं म्हणेपर्यंत. मी समजूत घालायची, आणि फोन ठेवला की मलाच धडधडायचं. इकडे फोन वाजला आणि पडद्यावर बुऱ्हाणपूरचं नाव दिसलं की उचलायला हात धजत नसे. एका दुपारी जेवून दादा खुर्चीत बसला होता. वहिनी दोरीवरचे कपडे काढायला मागे गेल्या. "कपडेच काढाले गेली हो मी, ताई. तेवढ्यात..." हे त्या अजूनही सांगतात, दर वेळी तितक्याच घाबरून.

मूलबाळ नाही, त्यामुळे दहाव्याचं सगळं प्रकाशभाऊंनी तापीच्या राजघाटावर केलं. पिंड ठेवले आणि कावळा लगेच आला. मंडळींनी हात जोडले, सुटला म्हणाले, काही इच्छा राहिली नाही म्हणाले. घरी येऊन मी वहिनींना सांगितलं तेव्हा त्यांनी पदर घट्ट आवळून घेतला. "लगेच आला? ओळखते तो यायले, तुमच्या दादाले," एवढंच म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या.

आणि मग तो सिनेमा आला. गावभर पोस्टरं लागली, घोडे उधळलेले, आकाश पेटलेलं. वहिनींनी बाजारात जायचा रस्ता बदलला. एका दिवशी मला फोन करून म्हणाल्या, "ताई, तुम्ही या. मले थे पिक्चर पाहाचं आहे." प्रकाशभाऊंनी साफ नाही म्हटलं. एकदा खोटं मेलेलं ऐकलं, एकदा खरं पाहिलं, आता पुन्हा पडद्यावर कशाला पाहायचं? मीही तेच म्हणाले. त्या म्हणाल्या, "मले भी भेव लागते. पण तेथं नाही तर आता कोठी दिसतील हे?" दुपारच्या खेळाला आम्ही दोघी जाऊन बसलो.

लढाई चालू असताना वहिनींनी डोळे मिटून घेतले होते. तोफा थांबल्या तसे उघडले. बंडखोर हरले होते. काळ्या शेतात सगळीकडे माणसं पडलेली. सुभेदाराचे शिपाई भाले घेऊन त्यांच्यातून चालत होते, एकेकाला भाल्याने उलथं करून पाहत होते, ज्याच्यात धुगधुगी असेल त्याला संपवत होते. "हे पहा," वहिनी म्हणाल्या. पडद्याच्या डाव्या कडेला मधुदादा पडलेला होता. उताणा, एक हात लांब. मी डोळ्यांना पदर लावला आणि तेवढ्यात वहिनींनी माझं मनगट पकडलं, बांगडी रुतेल इतकं घट्ट. मग मलाही दिसलं. त्याचं पोट खालीवर होत होतं. एवढ्या मोठ्या चित्रपटात कुणाच्याही लक्षात न आलेला तो श्वास, अगदी स्वच्छ दिसत होता.

शिपाई त्याच्या शेजारच्यापाशी आले. त्याला उलथवलं. भाला वर गेला.

"श्वास धरा," वहिनी पुटपुटल्या. "हलू नका. हलू नका हो..." आणि काय सांगू, मीही मनातल्या मनात देवाचं नाव घेऊ लागले. दादाचं पोट पुन्हा वर आलं, पुन्हा खाली गेलं. शिपायाचा पाय त्याच्या अगदी डोक्याजवळ पडला. मग तो त्याला ओलांडून पुढे गेला, आणि पडद्यावर सुभेदाराचा महाल आला.

वहिनींनी मनगट सोडलं नाही.

"गेले का ते भालेवाले?"

"गेले, वहिनी."

"यायले पाहिलं नाही ना कोणी?"

"नाही," मी म्हटलं. "कुणीच पाहिलं नाही."