सगळ्यांच्या चित्रातला एकच चेहरा

चेकरकाकांनी उभं आयुष्य बसमध्ये तिकिटं तपासली. निवृत्तीनंतर घरात जीव रमेना, म्हणून मीच त्यांना आमच्या चित्रकला विद्यालयात मॉडेल म्हणून आणलं. मी तिथलं ग्रंथालय सांभाळतो. वयात अंतर असूनही आमची गट्टी होती.

"नुसतं बसायचं? मग जन्मभर उभं राहून मी काय मिळवलं रे!"

बसणं सोपं नव्हतं. विश्रांतीला उठण्याआधी मुलं त्यांच्या बुटांभोवती खडूची रेघ मारत, म्हणजे परत तसंच बसता येई. सुरुवातीला ते बसल्याबसल्या मुलांना टोमणे मारत. मग गप्प होत गेले.

"मनात काय चालतं, काका?"

"लेकीचं. बाहेर पोपटासारखी बोलते, माझ्यासमोर अडखळते. परवा 'बाबा, मी...' म्हणाली आणि उठून गेली."

"डॉक्टरांना दाखवा की."

"दाखवलं. ते म्हणाले, तिला काही झालेलं नाही."

शेवटच्या दिवशी चित्रं भिंतीवर लागली. काका हात मागे बांधून बघत फिरले.

"हे काय काढलंय? मी काय कुणावर डाफरतोय? एकमेकांची नक्कल केलीत लेको! सगळ्यांची तीच चूक!"

"काका, आम्ही वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसलो होतो," एक मुलगी म्हणाली.

"काय? नीट बोल!"

"आ... आम्ही..."

काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग चित्रांकडे. एक भुवई चढलेली, ओठ घट्ट, हनुवटी पुढे. जणू समोरचा प्रवासी खिसे चाचपतोय आणि याला खात्री आहे की तिकीट नाहीच.

काका स्टुलावर जाऊन बसले. कुणी सांगितलं नव्हतं. कान लाल झाले होते. बराच वेळ हलले नाहीत. कपाळ सैल सोडायला बघत होते, ओठही.

"जमत नाही रे," शेवटी म्हणाले. "मला वाटायचं, मी घरी साधाच बसलेला असतो."

मी त्यांना घरी सोडायला गेलो. दार लेकीने उघडलं.

"बाबा, म... मला..."

काकांनी तिच्याकडे पाठ केली. शिक्षा झालेल्या पोरासारखे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"बोल," ते भिंतीला म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग बोलली.

"मला दुसऱ्या गावी नोकरी मिळालीय. पण नसती मिळाली तरी मी गेले असते. मला या घरात राहायचं नाही, बाबा."

एकही शब्द अडला नाही. ते तिच्याही लक्षात आलं, आणि तिने तोंडावर हात ठेवला. कुठे बघावं मला कळेना.

काका वळले नाहीत.

"कधी निघायचं?" त्यांनी विचारलं.